खालून वर वाचायचं

आजोबा सैन्यात वायरलेस ऑपरेटर होते. आता कानाला यंत्र लावूनही त्यांना धड ऐकू येत नाही. म्हणून मी एसडीआर रिसीव्हर घेतला तेव्हा त्यांना मुद्दामच दाखवला नाही.

गच्चीवर वीस मीटर वायर ताणली, लॅपटॉपवर 7 मेगाहर्ट्झचा हॅम बँड लावला. वरच्या आलेखात गवतासारखा थरथरणारा गोंगाट. त्यातून डोकं वर काढतात ते सिग्नल. खाली 'वॉटरफॉल': आडवी फ्रिक्वेन्सी, वरून खाली सरकणारा काळ, आणि रंग म्हणजे जोर. पहिल्या दिवशी स्क्रीनभर रेघाच रेघा! मी खूश. गेन कमी केला तर निम्म्या गायब. त्या खोट्या रेघा रिसीव्हरच तयार करत होता. एक जाड पट्टा मात्र हलेना. तो स्वयंपाकघरातल्या एलईडी बल्बचा निघाला. (आई अंधारात भाकरी थापत होती. ती काय म्हणाली ते इथं लिहीत नाही.)

उरले बोलण्याचे सुमारे तीन किलोहर्ट्झ रुंदीचे पुंजके, आणि केसाएवढी एक तुटक रेघ.

आजोबा मागे कधी येऊन उभे राहिले, कळलंच नाही.

"मोठं कर की गं जरा."

मी झूम केलं, सरकण्याचा वेगही वाढवला. नवी ओळ वर उमटते, म्हणून मोर्स खालून वर वाचावा लागतो. हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांचं बोट काचेवरून वर चढू लागलं. लांब, आखूड, लांब, आखूड. मग लांब, लांब, आखूड, लांब.

"सी क्यू," ते म्हणाले. "बोलावतोय कुणीतरी."