जत्रेची पट्टी

जत्रा पाहावयास जाणे निराळे आणि जत्रेस जाणे निराळे, हा भेद ध्यानात येण्यास आमच्या वयाची पंचावन्न वर्षे खर्ची पडली. हॅझ्लिटने १८२२ साली मुष्टियुद्धावर लिहिलेला निबंध आम्ही वर्गात इतक्या आवेशाने शिकवितो की, शेवटच्या बाकावरचा विद्यार्थीही जागा होतो. मात्र स्वतःच्या गावचा कुस्त्यांचा फड आम्ही तीस वर्षांत पाहिलेला नव्हता, ही गोष्ट वर्गात कधी बोललो नाही.

२०२३ साली तो योग आला. चैत्री पौर्णिमा ६ एप्रिलला, आणि लगेच ७ एप्रिलला गुड फ्रायडेची सुट्टी! हे दोन्ही दिवस चंद्राच्या चालीने ठरत असल्यामुळे असा शेजार त्यांना पुष्कळदा घडतो. पौर्णिमेच्या रात्री भैरवनाथाचा छबिना आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्या, हा आमच्या गावचा शिरस्ता. तेव्हा सुट्टीच्या दिवशी पहाटे स्वारगेटला एस.टी. धरली, खंबाटकीचा घाट चढून वाईस उतरलो आणि तेथून दोन कोसांवरचे गाव गाठले. पाहिलेले टिपून घ्यावे म्हणून खिशात एक कोरी वहीही होती.

रब्बीचे धान्य घरात आलेले आणि खरिपाच्या पेरणीस अजून अवकाश, अशा मोकळ्या दिवसांत देशावरच्या गावोगाव जत्रा भरतात. आमच्याही गावात आनंदीआनंद होता. देवळाच्या पायऱ्या रात्रीच्या गुलालाने माखलेल्या होत्या. पाळणे, फुगे, बत्ताशे, रेवड्या, सारे जागच्या जागी होते. एका गोठ्यापाशी शर्यतीचा खोंड पाहिला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या आणि २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळाली. मधल्या सात वर्षांत मालकाने या खोंडाची आई विकली नव्हती. कारण विचारता म्हणाला, "दावण मोडली की पुन्हा बसत न्हाई." हे वाक्य आम्ही वहीत टिपून घेतले आणि आपल्या निरीक्षणशक्तीवर खूश झालो.

फडावर पंचमंडळींनी आमचा सत्कार केला. फेटा बांधला, नारळ दिला आणि पुढच्या रांगेतील खुर्ची दिली. आमची मान किंचित ताठ झाली, हे कबूल केले पाहिजे. इतक्यात कर्ण्यावरून जत्रेच्या पट्टीची यादी वाचली जाऊ लागली. प्रत्येक घराच्या कर्त्याचे नाव, पुढे रक्कम. ऐकता ऐकता आमचेच नाव आले, "मुक्काम पुणे, पाचशे रुपये!" आम्ही चमकलो. पट्टी म्हणून एक छदामही आम्ही कधी पाठविला नव्हता.

शेजारी आमचे थोरले चुलतभाऊ अण्णा उभे होते. त्यांना विचारले. ते सहज म्हणाले, "मीच भरतो. दरसाल."

"मग कधी कळवलं नाहीत?"

"कळवून काय करायचं? पट्टी घरटी असती. एक साल नाव गळलं, की दुसऱ्या साली कुणी इचारत न्हाई. तू आला न्हाईस, म्हणून चुलत्याचं घर उठवायचं व्हय?"

आम्ही पाकिटास हात घातला. अण्णांची मुद्रा पालटली. "ते ठेव आत," ते म्हणाले, "पुढल्या साली तुझ्या हातानं भर. आन् ती खुर्ची पावण्यांची हाय. खाली ये."

अण्णा कधीच पुण्यास येत नाहीत, अशी तक्रार आम्ही आजवर किती वेळा केली असेल!

आम्ही खाली मातीत जाऊन बसलो. पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या सुरू होत्या. अण्णांनी रेवड्यांची पिशवी आमच्या मांडीवर ठेवली. एक आठ-नऊ वर्षांचा मल्ल कुस्ती मारून धापा टाकीत समोर आला, ओंजळ पुढे करून आमच्याकडे निरखून पाहू लागला आणि म्हणाला, "तुमी कुनाचं?"

आयुष्यात आम्ही आपली ओळख पुष्कळ ठिकाणी करून दिली आहे. पदवी आणि हुद्दा यांवाचून ती कधी पुरी झाली नाही. येथे त्यांपैकी काहीच उपयोगाचे नव्हते. आम्ही वडिलांचे नाव सांगितले. पुष्कळ वर्षांत ते मोठ्याने उच्चारले नव्हते, त्यामुळे आवाज जरा अडखळला.

"म्हंजी आमच्याच आळीचं की!" असे म्हणून त्याने रेवड्या तोंडात कोंबल्या आणि तो गर्दीत दिसेनासा झाला.

परतीच्या एस.टी.त वही उघडली. खोंडाच्या मालकाचे वाक्य तेवढे तीत होते. त्याच्याखाली आम्ही अण्णांचे नाव लिहिले आणि वही मिटली.

२०२४ साली गुड फ्रायडे २९ मार्चला आला आणि चैत्री पौर्णिमा २३ एप्रिलला, मंगळवारी. त्या वर्षी चंद्राने आमची सोय पाहिली नाही. आम्ही दोन दिवसांची रजा काढली.