खाच आणि बोली

'प्रमाण' हा शब्द भाषेच्या अध्यापकाला नेहमीच थोडा सावध करतो. प्रमाण कोणीतरी ठरवलेले असते. ते एकदा ठरले, की त्याबाहेर राहिलेल्यांपुढे दोनच वाटा उरतात: आपले रूप बदलावे, नाही तर मध्ये दुभाषा ठेवावा. प्रमाणभाषा आणि बोली यांविषयी वर्गात बोलताना हे विधान आम्ही अनेक वर्षे करीत आलो आहोत. त्याचा अगदी व्यावहारिक पडताळा मात्र आम्हांला विजेवर चालणाऱ्या एका जुन्या मोटारीने दिला.

आम्ही दोघेही शिरूरला मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकीचे माहेर दौंडचे. तेथे वृद्ध आई एकट्या राहतात. घोडनदीच्या काठापासून भीमेच्या काठापर्यंतचे हे अंतर पन्नास किलोमीटरांहून थोडे अधिक. आमची मोटार सेकंडहँड घेतलेली, भारतातील विजेच्या मोटारींच्या आरंभीच्या पिढीतली. पूर्ण चार्ज केली तर आता ऐंशी किलोमीटर चालते. म्हणजे जाणे होते, येणे होत नाही. वाटेत कोठे तासाभरात चार्जिंग झाले तर सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल, एवढाच आमचा हिशेब होता.

अडचण होती ती खाचेची. आपल्याकडे २०१७ साली 'भारत डीसी-००१' हे जलद चार्जिंगचे प्रमाण मांडले गेले. त्यासाठी चीनमध्ये रूढ असलेली 'जीबी-टी' ही जोडणी स्वीकारलेली होती आणि यंत्राची कमाल क्षमता १५ किलोवॉट होती. त्याच वर्षी एनर्जी एफिशिअन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सरकारी कंपनीने शासकीय वापरासाठी १०,००० विजेच्या मोटारींची निविदा काढली. टाटांची टिगोर आणि महिंद्रांची ई-व्हेरिटो या गाड्या त्यातून कार्यालयांच्या आवारांत दिसू लागल्या. त्यांची यंत्रणा ७२ व्होल्टची होती. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही सार्वजनिक केंद्रांसाठी डीसी-००१ चे नाव होते. पुढे जानेवारी २०२० मध्ये नेक्सॉन ईव्ही बाजारात आली, ती युरोपात रूढ झालेली 'सीसीएस-२' ही जोडणी आणि तीनशे व्होल्टांच्या वरची बॅटरी घेऊन. बाजार त्याच दिशेने गेला. आज पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर उपाहारगृहाच्या आवारात मोटारींसाठी जी जलद चार्जिंगची गन टांगलेली दिसते, ती बहुधा सीसीएस-२ ची असते. अवघ्या तीन-चार वर्षांत एक प्रमाण बोली होऊन बसले. आमची मोटार ती बोली बोलणाऱ्यांपैकी.

अमेरिकेतील आमच्या भाच्याला यात काही अवघड दिसेना. "मामी, अडॅप्टर मागवून टाका. मीही तेच वापरतो," तो फोनवर म्हणाला. त्याचे म्हणणे त्याच्यापुरते खरे होते. त्याच्या फोर्ड मोटारीची खाच वेगळी आणि टेस्लाच्या केंद्रावरील गन वेगळी; तरी २०२४ पासून फोर्डच्या गाड्या एका छोट्या अडॅप्टरच्या साहाय्याने तेथे चार्ज होऊ लागल्या. आम्हीही शोध घेतला. 'सीसीएस-२ ते जीबी-टी' असे अडॅप्टर विकणारे विक्रेते सापडले. किंमत आमच्या एका महिन्याच्या वेतनाचा बराच भाग खाणारी होती, पण दर आठवड्याच्या फेरीपुढे ती आम्ही मान्य केली असती.

तथापि वाचता वाचता ध्यानात आले, की भाच्याचा अडॅप्टर आणि हा अडॅप्टर या दोन निराळ्या जाती आहेत. जलद चार्जिंगमध्ये वीज वाहू लागण्यापूर्वी मोटार आणि यंत्र यांच्यात संवाद होतो. किती व्होल्ट हवेत, किती अँपियर झेपतील, बॅटरी किती भरली आहे, कधी थांबावयाचे, हे मोटार सांगते आणि यंत्र ऐकते. टेस्लाची नवी केंद्रे आणि फोर्ड यांची खाच निराळी असली तरी हा संवाद एकाच भाषेत चालतो. तेथे अडॅप्टरने केवळ आकार बदलला तरी भागते. सीसीएस आणि जीबी-टी यांची मात्र भाषाच वेगळी. सीसीएस एका तारेवरून एका पद्धतीने बोलते, जीबी-टी दोन तारांवरून दुसऱ्याच पद्धतीने. म्हणून या अडॅप्टरच्या पोटात एक छोटा संगणक बसवावा लागतो, आणि तो दोन्हीकडचे बोलणे क्षणोक्षणी भाषांतरित करीत राहतो.

वाईट भाषांतराने कवितेची हानी होते. येथे हानी निराळ्या प्रकारची असते. घरातील प्रत्यावर्ती वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे जोड सुटला तर उडालेली ठिणगी विझण्यास संधी मिळते. जलद चार्जिंगची वीज एकदिश असते. ती शून्यावर येत नाही, आणि भार चालू असताना जोड निसटला तर ज्वाला टिकून राहते. म्हणूनच गन खाचेत कुलूपबंद होते आणि तापमान मोजणारा संवेदक तिच्यात बसवलेला असतो. मध्ये अडॅप्टर आला, की एका जोडाचे दोन जोड होतात. दोन्ही ठिकाणी कुलूप हवे, दोन्हींची उष्णता कोणीतरी मोजली पाहिजे. अडॅप्टर मोटारीच्या वा यंत्राच्या निर्मात्याने मान्य केलेलाच असावा, असे आंतरराष्ट्रीय मानक म्हणते ते याचसाठी. आम्ही पाहिलेल्या विक्रेत्यांपैकी एकानेही अशी मान्यता दाखवली नाही.

अखेरचा निर्णय मात्र एका ओळीने केला. विक्रेत्याच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत 'सर्व जीबी-टी गाड्यांसाठी' असे होते, आणि खाली तक्त्यात बारीक अक्षरांत '२०० ते १००० व्होल्ट'. तळटीप आधी वाचावी, हे आम्ही विद्यार्थ्यांना सांगत असतो. रस्त्यावरील बहुतेक सीसीएस यंत्रे दीडशे-दोनशे व्होल्टांच्या खाली उतरतच नाहीत. आमची मोटार ७२ व्होल्टची. दुभाषा कितीही कुशल असला, तरी एका पक्षाला जे म्हणताच येत नाही, ते तो दुसऱ्यापर्यंत कसे पोहोचवणार?

दौंडला ही गोष्ट नवी नाही. मुंबई–सोलापूर मार्गाचे रूळ रुंद आणि दौंड–बारामती फाट्याचे रूळ पूर्वी अरुंद. एका मार्गाचा डबा दुसऱ्यावर जात नसे. उतारू उतरत, माल हमालांच्या पाठीवरून पलीकडे जाई. ते काम सावकाश चाले, पण 'सर्व रुळांसाठी' म्हणून कोणी एखादे चाक विकत नव्हते. पुढे फाटाच रुंद झाला, तेव्हा कोठे ती खोळंबणूक संपली.

आम्ही अडॅप्टर घेतला नाही. दौंडच्या घरी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेतले आणि ओसरीवर पंधरा अँपियरचा स्वतंत्र पॉइंट बसवला. तीन पिनांचा तो साधा प्लग मोटारीला समजतो आणि घरालाही. त्याला दुभाषा लागत नाही, लागते ती अख्खी रात्र. आता आम्ही शनिवारी दुपारी निघतो आणि रविवारी परततो. जलद चार्जिंग मिळाले असते तर आईंकडची भेट चहापुरती झाली असती. सध्या ती दोन जेवणांची आणि एका रात्रीची होते. ही मोटारीची थोरवी नव्हे, आणि प्रमाणाबाहेर राहण्यात काही सुख असते असेही आम्ही म्हणणार नाही. पुढची मोटार आम्ही सीसीएस-२ चीच घेऊ. परंतु खाच जुळली म्हणजे बोली जुळली, असे समजणाऱ्यांत आता आम्हांला सहजी सामील होता येणार नाही. मग ती मोटारीची गोष्ट असो, वा अनुवादाच्या तासाची.