सोपी सिगारेट

सिगारेट ओढणे ही शिकण्याची गोष्ट आहे असे म्हटले, तर ओढणारा मनुष्य हसेल. तथापि खरे पाहता ते शिक्षण फार लांबचे असते. भर वाऱ्यात ओंजळीच्या आडोशाने काडी जिवंत ठेवणे, बोलता बोलता धोतरावर न पडेल अशा बेताने राख झाडणे, ह्या कला हातांना वर्षानुवर्षांच्या सरावाने साधतात. आणि एकदा साधल्या की दृष्टी मंदावली तरी हात त्या विसरत नाहीत. म्हणूनच लेस्टरला राहणाऱ्या माझ्या चुलत भावाने जेव्हा मला विचारले, “बाबांना वापरायला सोपी अशी ई-सिगारेट कोणती? दिवाळीला येताना घेऊन येतो,” तेव्हा ‘सोपी’ ह्या शब्दापाशीच मी अडखळलो.

काकांचे वय 82. त्यांचा जन्म झाला तेव्हा आमचे छत्रपती संभाजीनगर हे निजामाच्या राज्यातले औरंगाबाद होते. 1948 साली निजामी गेली, 1956 साली आम्ही मुंबई राज्यात आलो, 1960 साली महाराष्ट्रात, आणि 2023 साली शहराचे नावही पालटले. ह्या सर्व स्थित्यंतरांत काकांच्या सदऱ्याचा डावा खिसा तेवढा काडेपेटीशी एकनिष्ठ राहिला. हैदराबादच्या चारमिनारवर त्यांनी आरंभ केला. पुढे फिल्टरच्या सिगारेटी आल्या, पण दिवसाच्या पंधरा काही कमी झाल्या नाहीत. गेल्या हिवाळ्यात दोन जिने चढताना त्यांना चार वेळा थांबावे लागले. त्याहून काकूंना धास्ती वाटते ती गादीची. थरथरत्या बोटांतून निखारा निसटतो, आणि चादरीवर त्याची काळी भोके पडलेली मी स्वतः पाहिली आहेत.

निखारा नसलेली सिगारेट ही कल्पना अशा घरात मोहक न वाटली तरच नवल. 2003 च्या सुमारास होन लिक नावाच्या एका चिनी औषधतज्ज्ञाने ती प्रत्यक्षात आणली. तो स्वतः मोठा धूम्रपानी होता. तिची युक्ती साधी आहे: विजेच्या घटाने एक बारीक तार तापते, तिच्याशी असलेल्या निकोटिनयुक्त द्रवाची वाफ होते, आणि ती वाफ मनुष्य ओढतो. काही जळत नाही, त्यामुळे डांबर नाही आणि राखही नाही.

भावाने चार यंत्रांची छायाचित्रे पाठविली. मी ती काकांच्या फुप्फुसांच्या नव्हे, त्यांच्या बोटांच्या दृष्टीने पाहू लागलो. एकात लहानशा कुपीतून द्रव थेंबाथेंबाने भरावयाचा. ज्यांच्या हातून चहा बशीत सांडतो, त्यांच्या हाती ती कुपी कोण देणार? शिवाय तो द्रव पोटात गेल्यास विषच. दुसऱ्याची कळ लागोपाठ पाच वेळा दाबली म्हणजे ते चालू होते, आणि पाच वेळाच दाबली म्हणजे बंद. तिसऱ्यात घट उतरल्याची खूण म्हणजे मोहरीएवढा दिवा. परवाच दूरदर्शनच्या रिमोटचे मागचे झाकण सरकविताना काकांनी दोन नखे मोडून घेतली होती. राहिले चौथे: ओढताच आपोआप पेटणारे, भरलेली कुपी लोहचुंबकाने टक्कन बसणारे. कोणतेही बटण नाही. निवडावयाचेच झाले, तर वृद्धासाठी हेच, असे मी मनाशी ठरविले. ह्याहूनही सोपे, ओढून संपताच फेकून द्यावयाचे यंत्र इंग्लंडात मिळत असे. पण 1 जून 2025 पासून तेथे त्याची विक्री बंद झाली आहे.

परंतु निवड करणारे आम्ही कोण? आपल्या देशात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटची निर्मिती, आयात, विक्री, जाहिरात, सारे निषिद्ध ठरले आहे. पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शाळकरी मुलांना हे नवे खेळणे लागू नये हा त्यामागील हेतू, आणि तो मला खोटा वाटत नाही. फळांच्या वासाची ती रंगीत नळकांडी काही आजोबांसाठी रंगविलेली नव्हती. तरीही मन एका जागी अडते. मुलांसाठी लावलेले दार म्हाताऱ्यांनाही लागले. आणि काकांच्या कोपऱ्यावरील पानपट्टीचे दार मात्र उघडेच राहिले. वाफ निरुपद्रवी आहे असे कोणी जाणता सांगत नाही. पण रोज पंधरा सिगारेटी जाळणाऱ्याच्या बाबतीत तुलना करावयाची ती धुराशी, स्वच्छ हवेशी नव्हे.

बंदी आणि तंबाखू ह्यांचे नाते जुनेच आहे म्हणा! असद बेगने विजापुराहून तंबाखू नेऊन अकबरासमोर ठेवला, तेव्हा हकिमाने हरकत घेतली होती. पुढे 1617 साली जहांगिराने मनाई केली. ज्या मलिक अंबरने 1610 साली आमचे हे शहर खडकी नावाने वसविले, त्याचा हा कट्टर वैरी. त्याच्या हुकमाला दख्खनने तर नाहीच, खुद्द त्याच्या मुलखानेही फारशी दाद दिली नाही.

असो. भावाला मी स्पष्ट कळविले की, “ते यंत्र आणू नकोस. बाबांच्या औषधासाठी म्हणून तू विमानतळावर चौकशीला उभा राहिलास, तर त्यांना दम लागेल तो निराळाच.” मग डॉक्टरांच्या सल्ल्याने कायद्याला मान्य असलेले उपाय पाहिले. प्रथम निकोटिनचा गम. तो चावावयाचा, जिभेला चुरचुर लागली की गालात दाबून ठेवावयाचा. काका म्हणाले, “अरे, तंबाखूचा बार कसा भरतात हे तू मला शिकवतोस?” विद्या त्यांना येत होती, आड आली ती कवळी. गम तिला असा चिकटला की, दोन दिवसांत दोन्ही वस्तू एकाच वाटीत पडल्या.

त्यानंतर आली दंडावर चिकटविण्याची पट्टी. तिला फुंकर, कळ, दिवा काही नको. त्वचेतून निकोटिन दिवसभर झिरपत राहते. रोज जागा बदलावी लागते, आणि मागचा कागद सोलणे काकांच्या बोटांना जमत नाही. ते काम काकूंनी पत्करले आहे. स्नानानंतर त्या पट्टी लावतात आणि तळहाताने दाबून धरतात. पूर्वी ह्या दोघांत सकाळी सिगारेटवरून भांडण होई. आता कालची पट्टी कोणत्या दंडावर होती ह्यावरून होते.

पंधराच्या तीन झाल्या आहेत. ह्या तिन्हीही सुटाव्यात असा डॉक्टरांचा आग्रह आहे, आणि काका तो ऐकल्यासारखे करतात. सकाळच्या चहानंतरची बहुधा जाईल. संध्याकाळी ओसरीवर बसून ओढावयाची मात्र ते सोडतील असे मला वाटत नाही. तेवढ्यापुरत्या काकू पाण्याची वाटी त्यांच्यासमोर ठेवतात, आणि थोटूक तिच्यात विझल्याचा आवाज येईपर्यंत तेथून हलत नाहीत.