मंगळावरचा भुईकोट

यंदांच्या दिवाळींत आमच्या घरीं पुन्हां किल्ला झाला. मात्र तो या पृथ्वीवरचा नव्हता. पुण्यास नोकरीवर असलेले आमचे चिरंजीव वसुबारसेच्या आदल्या दिवशीं आले, ते फराळाच्या डब्यांकडे न वळतां थेट माळ्यावर चढले आणि थर्मोकोलचे चार मोठे तुकडे घेऊन खालीं उतरले. २०१८ सालीं सरकारनें त्या वस्तूंवर बंदी घातली, त्यापूर्वीं गणपतीच्या आरासीसाठीं आणलेले ते तुकडे. "बाबा, मधल्या खोलींतलें मोठें टेबल चार दिवस मला द्याल का?" असें त्यांनीं विचारलें. आम्ही तत्काळ होय म्हणालों. इतक्या तत्परतेनें कां, तें पुढें येईलच.

ज्यांचें बालपण महाराष्ट्रांत गेलें त्यांस दिवाळीच्या किल्ल्याची कृति सांगावयास नको. विटा-दगडांचा ढीग, त्यावर चिखलांत बुडविलेलें गोणपाट, उतारावर पेरलेलें अळीव नि मोहरी, आणि गुहेंत कुंभाराकडचा वाघ. आमचें सोलापूर म्हणजे सपाट माळ. डोंगर म्हणून नजरेस पडावयाचा नाहीं. तरी येथल्या अंगणांतून उभा राहातो तो रायगड, नाहीं तर प्रतापगड! गांवाच्या मध्यभागीं खराखुरा भुईकोट आहे. दुहेरी तट, भोंवतीं खंदक, एका अंगास सिद्धेश्वराचें तळें. पण त्याची प्रतिकृति करावी असें कोणाच्या मनांत येत नाहीं. आम्हीं नवव्या-दहाव्या वर्षीं तो उद्योग एकदां केला. दोन तट घातले, बाहेर चर खणला, चरांत पाणी सोडलें. पाणी रात्रींतून जमिनींत मुरलें, आणि सकाळीं पाहावयास आलेल्या मित्रमंडळानें "हा किल्ला कसला, हा तर गुरांचा गोठा!" असा निकाल दिला. दुपारच्या आंत आम्हीं त्यावर विटा रचून त्याचा रायगड करून टाकला. तो भुईकोट मनांत कोठेंतरी तसाच राहिला असावा.

त्या मातीच्या किल्ल्यांवर मावळा दरवाज्याहून उंच असे, आणि सिंहासनावरील महाराज मावळ्याच्या दुप्पट. जुन्या चित्रकारांप्रमाणें आम्ही मुलेंहि माणसाचा आकार त्याच्या योग्यतेवरून ठरवीत होतों. चिरंजीवांच्या खेळांत हें चालत नाहीं. त्यांचा प्लॅस्टिकचा शिपाई सुमारें २८ मिलिमीटरच्या मापाचा, म्हणजे करंगळीच्या अर्ध्याएवढा. दरवाजा, जिना, कठडा, सर्व कांहीं त्याच मापाला धरून. 'वॉरहॅमर ४०,०००' हा तो खेळ इंग्लंडांतील गेम्स वर्कशॉप या कंपनीनें १९८७ सालीं काढला. काळ एकेचाळिसाव्या सहस्रकांतला. टेबलावर टेकड्या व भग्न इमारती मांडावयाच्या, दोहों बाजूंस आपण रंगविलेलीं सैन्यें उभीं करावयाचीं, फीत धरून चाल मोजावयाची आणि कोण पडला तें फाशांनीं ठरवावयाचें. आमचें आयुष्य इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत गेलें, त्यामुळें आम्हांस एच्. जी. वेल्स आठवला. मंगळवासीयांस पृथ्वीवर उतरविणारी कादंबरी त्यानें १८९८ सालीं लिहिली, आणि खोलीच्या जमिनीवर शिशाच्या शिपायांचें युद्ध कसें खेळावें याचे नियम सांगणारें 'लिटल वॉर्स' हें पुस्तक १९१३ सालीं. विश्वकोशाचे जाडजूड खंड मांडून तो डोंगर करी! असें युद्ध दोनचारदां खेळणाऱ्यास खऱ्या युद्धाचा मूर्खपणा कळेल, अशी त्याची आशा होती. दुसऱ्याच वर्षीं महायुद्ध पेटलें. हें सर्व आम्हीं चिरंजीवांस मोठ्या उत्साहानें सांगितलें. "म्हणजे हा पोरखेळ नाहीं तर!" असें ते म्हणाले, आणि आम्ही गप्प झालों.

कारण 'पोरखेळ' हा शब्द आमचा होता. सहा वर्षांपूर्वीं, ते बारावीस असतां, गणिताच्या एका चाचणींत गुण कमी पडले. त्या रात्रीं ते शिपाई रंगवीत बसलेले दिसले; आम्हीं हा शब्द उच्चारून रंग, कुंचले आणि शिपायांची पेटी कपाटांत बंद केली व किल्ली खिशांत टाकली. ते एक अक्षर बोलले नाहींत. परीक्षा उत्तम झाली, अभियांत्रिकीस प्रवेश मिळाला, आम्हीं पेटी परत केली; ती न उघडतांच त्यांनीं पुण्यास नेली. तेव्हांपासून आम्हां दोघांचें बोलणें प्रकृति आणि रेल्वेचें आरक्षण यांपलीकडे फारसें गेलें नव्हतें.

तर आतां आम्ही मदतीस सरसावलों. बाजारांतून फवाऱ्याच्या रंगाचा डबा आणला आणि चिरंजीव स्नानास गेले असतां एका टेकडीवर मुक्तहस्तानें मारला. क्षणांत टेकडी फसफसूं लागली, खचली, आणि तेथें विद्रूप भोकें पडलीं. त्या रंगांतील द्रावक थर्मोकोल खातें, म्हणून आधीं फेव्हिकॉल व पाण्याच्या रंगाचा लेप द्यावा लागतो, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. आम्ही अपराध्यासारखे उभे. चिरंजीवांनीं ती टेकडी उजेडांत फिरवून पाहिली आणि ते मोठ्यानें हंसले. "बाबा, हा तर उल्का पडून झालेला खड्डा झाला! असा मुद्दाम करतां येत नाहीं."

मग काम जोरांत चाललें. अंगणांतला मुरूम चाळून जमिनीवर चिकटविला आणि त्यावर गेरू फासला. गेरूचा तांबडेपणा आणि मंगळाचा तांबडेपणा दोन्ही लोहाच्या गंजाचे. आमच्या लहानपणच्या किल्ल्याच्या पायऱ्या रंगविणारी पुडी परग्रहावरहि लागू पडली. बंदुकांचा पल्ला मोजावयास मैदान मोकळें हवें, म्हणून किल्ला उंच नको, असें चिरंजीव म्हणाले. आम्हीं भीतभीत सुचविलें, "दोन तट घाल. बाहेर चर." त्यांनीं कागदावर रेघा मारून पाहिल्या. "चांगलें आहे. कुठलें डिझाइन हें?" "इथलेंच," आम्ही म्हणालों.

नरक चतुर्दशीच्या दुपारीं त्यांनीं पेटी उघडली. तळाशीं एक शिपाई होता. एक खांदा निळा, बाकी सर्वांग अस्तराच्या काळ्या रंगांत. "हा त्या रात्रीचा," एवढेंच म्हणून त्यांनीं तो आमच्यापुढें ठेवला आणि कुंचला हातीं दिला. चष्म्यावर भिंग धरून आम्ही बसलों. या विद्येंत रंग लावण्यापेक्षां पुसण्यास महत्त्व अधिक. कुंचला रंगांत बुडवावा, फडक्यावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसावा, आणि मग अंगावरून हलका फिरवावा. उंचवट्यांच्या कडा तेवढ्या उजळतात. उलट पातळ काळसर रंग सोडला कीं तो खांचांत जाऊन बसतो आणि सांवली आपोआप पडते. फडकें म्हणून आम्हीं घेतलें तें पाडव्यासाठीं राखलेलें नवें सोलापुरी टॉवेल निघालें. त्यावर आमच्या सौ.नें काय म्हटलें तें येथें देत नाहीं.

पाडव्यास सायंकाळीं युद्ध झालें. भुईकोट आमच्याकडे, स्वारी चिरंजीवांची. आमच्या बालपणच्या किल्ल्यास कधीं वेढा पडला नव्हता. तेथें महाराज बसलेले, तोफा थंड, आणि भाऊबीज झाली कीं माती झाडाच्या आळ्यांत. खऱ्या भुईकोटाचें तसें नव्हतें. १८१८च्या मे महिन्यांत तो जनरल मन्रोनें पेशव्यांच्या फौजेकडून घेतला. आमचा बाहेरचा तट तिसऱ्या फेरींत गेला. आंतल्या दरवाज्यांत आम्हीं तोच निळा शिपाई उभा केला होता. वांचण्यास तीन किंवा अधिक दान हवें होतें. आम्हीं फासा टाकला, एक पडला. नियमाप्रमाणें शिपाई उचलावयाचा. चिरंजीवांनीं तो दोन बोटांनीं उचलून आमच्या तळहातावर ठेवला.

"पाठीवरचा रंग अजून ओला आहे, बाबा. पायाकडून धरा."