जुनी पेटी आणि नवें कार्ड

‘जुनें तें सोनें’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. आणि बाजारांत गेल्यावर ‘नवें तेंच चांगलें’ असें दुकानदार सांगतो. या दोहोंपैकीं कोणाचें ऐकावें, हा प्रश्न अलीकडे वरच्या वर्गांतील मुलें एका निराळ्याच निमित्तानें आम्हांस विचारूं लागलीं आहेत. घरच्या जुन्या संगणकांत नवें ग्राफिक्स कार्ड बसवावयाचें आहे. तर जुना एसएमपीएस चालेल काय? प्रश्नाचा संबंध पालकांच्या खिशाशींही असल्यामुळें त्याविषयीं चार शब्द लिहावे, असें वाटलें.

एसएमपीएस म्हणजे संगणकास वीज पुरविणारी पत्र्याची पेटी. घरांतील २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह घेऊन १२, ५ व ३.३ व्होल्टचा एकदिश प्रवाह वांटून देणें, हें तिचें काम. पेटीवर मोठ्या अक्षरांत ‘४५० वॅट’ असें छापलेलें असतें, आणि बहुतेकांची दृष्टि तेथेंच थांबते. परंतु ती सर्व वांटण्यांची मिळून बेरीज होय. आजचें ग्राफिक्स कार्ड आपली जवळजवळ सारी भूक १२ व्होल्टवरच भागवितें. पूर्वीच्या संगणकांचा भार मुख्यतः ५ व ३.३ व्होल्टवर असे. सन २००० मध्यें पेंटियम ४ आल्यानंतर तो १२ व्होल्टकडे सरकला. कांहीं स्वस्त पेट्यांनीं मात्र जुनीच वांटणी पुढें चालविली.

गेल्या वर्षीं नववींतील एका मुलाच्या मनांत १७० वॅटचें आरटीएक्स ३०६० भरलें होतें. वडील शिवणकाम करणारे. रात्रीं जागून मिळविलेल्या मजुरींतून त्यांनीं पैसे जमविले होते. आम्हीं मुलास पेटीच्या लेबलावरील आंकडे उतरवून आणावयास सांगितलें. १२ व्होल्टपुढें १८ अँपिअर असें लिहिलें होतें. व्होल्टला अँपिअरनें गुणिलें कीं वॅट निघतात, हें वर्गांत शिकविलेलेंच आहे. गुणाकार आला २१६. कार्डाचे १७०, प्रोसेसरचे ६५ व इतर भागांचे सुमारें ३० मिळून गरज होती २६५ वॅटची.

“सर, पण वर तर साडेचारशें लिहिलें आहे!” मुलगा म्हणाला. पेटीस कार्डाची आठ पिनांची वायरही नव्हती; तिच्यासाठीं जोड-वायर मिळते, असें त्यानें ऐकलें होतें. परंतु जोड-वायरीनें पिना वाढतात, पेटीचें बळ वाढत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं वडील स्वतः आले. “सर, एकदां लावून पाहिलें तर?” असें त्यांनीं विचारलें. अतिभार झाल्यास चांगली पेटी आपण होऊन बंद पडते. हलकी पेटी जळते, आणि कधीं कधीं इतर भागांसही सोबत नेते, हें आम्हीं त्यांस समजाविलें. ते थोडा वेळ गप्प राहिले, आणि मग मुलास म्हणाले, “आधीं पेटी घेऊं. कार्ड नाताळानंतर.” मधले महिने त्या मुलास फार जड गेले, हें आम्ही पाहत होतों, पण त्यानें हट्ट केला नाहीं.

याउलट त्याच वर्गांतील दुसऱ्या मुलाची पेटी सात वर्षांची होती. तिच्यावर १२ व्होल्टपुढें ५४ अँपिअर, म्हणजे ६४८ वॅट होते. आठ पिनांची वायरही होती. तिनें तेंच कार्ड निमूटपणें पेललें. तेव्हां केवळ वय हा दोष नव्हे. मात्र आंतील कपॅसिटर उष्णतेनें वर्षानुवर्षें सुकत जातात. जळका वास येऊं लागला, किंवा खेळ ऐन भरांत असतां संगणक बंद पडूं लागला, तर पेटी बदलावी. वीज काढल्यावरही आंत विद्युत्भार शिल्लक राहतो, म्हणून ती कोणीही उघडूं नये. अतिशय मोठीं कार्डें तर क्षणाच्या अल्पांशापुरती नेमापेक्षां पुष्कळ अधिक वीज ओढतात. यास्तव २०२२ मधील एटीएक्स ३.० या नियमावलींत असे झटके सोसण्याची अट घातलेली आहे.

बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, असा प्रभूचा एक दृष्टांत लूककृत शुभवर्तमानांत आहे. विद्यार्थिमित्रांनो, कार्डाचा डौल सर्वांस दिसतो. पेटी कोपऱ्यांत राहून भार वाहते. आपल्या घरींही असा भार कोणीतरी वाहत असतें. कांहीं मागण्यापूर्वीं त्यांच्या बळाचा गुणाकार एकदां करून पाहा.