भुवयांचं विचारलंस म्हणून

पुणे

चि. सौ. मंजिरीस,


परवा फोनवर तू एवढंच विचारलंस, की भुवया काढायला कोणती पेन्सिल घेऊ. आणि ठेवता ठेवता म्हणालीस, "मावशी, मला नटायचं नाहीये गं. आरशात मी मला दिसायला हवी, एवढंच." केमोच्या डे केअरमध्ये नर्स म्हणून माझी सगळी नोकरी झाली. शेकडो बायका पाहिल्या, पण हे इतक्या नेमक्या शब्दांत मला कुणी सांगितलं नव्हतं. रात्री झोप लागली नाही. सकाळी तू रंग उजळायच्या एका क्रीमच्या ट्यूबचा फोटो पाठवलास आणि माझं डोकंच फिरलं. म्हणून हे पत्र. फोनवर तू "हो हो" म्हणतेस आणि विसरतेस. कागद जपून ठेवशील.

आधी भुवया. टोकदार पेन्सिल घेऊच नकोस. तुझी कातडी सध्या पातळ झाली आहे, टोकाने ओरखडा उठतो आणि ओरखड्यातून जंतू आत जातो. भुवयांची दाबलेली पावडर मिळते ती घे, तपकिरी, काळी नको. काळ्या रंगाने चेहरा करडा दिसतो. कापूस गुंडाळलेल्या काडीने लाव आणि काडी तिथेच टाकून दे. नाकपुडीच्या कडेवरून सरळ वर रेष धरलीस की भुवईची सुरुवात मिळते. तीच नाकपुडी आणि डोळ्याचा बाहेरचा कोपरा यांच्या रेषेत शेवट. बुबुळाच्या बाहेरच्या कडेच्या जरा पुढे कमान. एका दमात रेघ ओढायची नाही, केसाएवढ्या लहान लहान रेघा काढायच्या. लग्नातले फोटो समोर ठेव, तुझी डावी भुवई उजवीपेक्षा किंचित वर आहे, तशीच ठेव. दोन्ही सारख्या काढल्यास तर ती तू दिसणार नाहीस.

जळगावकडच्या एक शिक्षिका होत्या, त्यांची आठवण आली. मुलगा पहिल्यांदाच भेटायला येणार होता, सात-आठ वर्षांचा. डोक्याला रुमाल बांधलेला त्याने फोटोत पाहिला होता, भुवया गेलेल्या त्याला ठाऊक नव्हत्या. त्या मला म्हणाल्या, "सिस्टर, काहीतरी करा." सलाईन चालू असलेला हात उशीवर ठेवून त्या डोळे मिटून बसल्या आणि मी त्यांच्या भुवया काढल्या. श्वास रोखून बसल्या होत्या बाई. डोळे उघडून आरसा घेतला आणि आधी हसल्या, मग रडल्या, मग मला दटावलं, की रडवू नका, पुसलं जाईल. तेव्हापासून माझ्या एप्रनच्या खिशात थर्मामीटरशेजारी ती डबी असे, आणि प्रत्येकीला नवी काडी. वरच्या एका बाईंना ते आवडत नसे. मी थांबले नाही.

आता ते क्रीम. उज्जैनच्या टावर चौकातल्या एका दुकानदाराने "दीदी, पंद्रह दिन में रंग साफ" म्हटलं आणि तू घेतलंस. तू! बी.एस्सी. झालेली मुलगी! फोटो मी मोठा करून करून पाहिला. ट्यूबवर बनवणाऱ्याचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही, आत काय आहे त्याची यादी नाही, नुसतं 'हर्बल' आणि एका गोऱ्या बाईचं चित्र. असल्या क्रीममध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, कधी पारा असतो. पहिले काही दिवस चेहरा खरंच उजळतो, म्हणून तर ते खपतं. पुढे कातडी आणखी पातळ होते, पुरळ येतं, लाली जात नाही, आणि बंद केलं की सगळं दुप्पट होऊन परत येतं. धडधाकट बाईलासुद्धा ते लावू नये. तुझ्या अंगात तर आधीच औषधं खेळताहेत.

आणि मंजू, तुझ्या चेहऱ्यावरचे ते काळे डाग घाण नव्हेत. लाल केमो झाली ना तुझी चार वेळा? डॉक्सोरूबिसिन म्हणतात ते. भराभर वाढणाऱ्या पेशींवर ही औषधं तुटून पडतात, मग ती गाठीतली असो की केसाच्या मुळातली, तोंडातल्या अस्तरातली, नखाखालची. म्हणून केस दोन-तीन आठवड्यांत गेले, तोंड आलं. आणि आपल्यासारख्या सावळ्या, गव्हाळ कातडीत रंगपेशी चिडतात, तेव्हा नखं, तळवे, जीभ, गाल काळवंडतात. उपचार संपल्यावर काही महिन्यांत हे बहुतेक आपोआप फिकं होतं. नखावरच्या त्या आडव्या रेघा नखाबरोबर पुढे सरकत जातात, हाताचं नख पुरतं बदलायला सहाएक महिने लागतात. धीर धरायचा. पण धीर कोण धरू देतं? आपल्या घरांत मुलगी जन्मली की नाक कसं, रंग कसा. लग्नाच्या जाहिरातीत उजळ. बाई कॅन्सरशी झुंजतेय आणि शेजारीण म्हणते, "रंग किती उतरला गं." मला याचा संताप येतो. वॉर्डात मी पाहिलंय, बायका उलटीपेक्षा, सुईपेक्षा या एका वाक्याला जास्त घाबरायच्या. नटायला माझा कधीच विरोध नव्हता, तुला माहीत आहे. नट, भरपूर नट. पण गोरं होण्यासाठी नको. तुझा जो रंग आहे त्याच्याशी जुळणारं फाउंडेशन घे, डागावर बोटाने टिपून लाव, संध्याकाळी सौम्य क्लिन्झरने काढून टाक. घासायचं नाही, आणि त्या आयत्या मिळणाऱ्या ओल्या पुसण्यांनी तर नाहीच, त्यात बहुधा सुगंध असतो.

२०१८च्या जुलैत सोनाली बेंद्रेने आजाराचं स्वतःच जाहीर केलं, केस कापतानाचा व्हिडिओ लोकांपुढे ठेवला, पुढे तुळतुळीत डोक्याचे फोटोही. किती बायकांनी तेव्हा रुमाल सोडले! अमेरिकेत तर १९८९पासून 'लुक गुड फील बेटर' नावाचा उपक्रम आहे, सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्यांची संघटना आणि अमेरिकन कॅन्सर सोसायटी यांनी मिळून सुरू केलेला. उपचार घेणाऱ्या बायकांना एकत्र बसवून भुवया, विग, कातडीची निगा हे सगळं शिकवतात. आपल्याकडे केमोच्या कागदावर रक्ताच्या तपासण्या असतात, खाण्याचं पथ्य असतं, चेहऱ्याबद्दल एक ओळ नसते. असायला हवी. नर्सने पहिल्या दिवशीच सांगायला हवी. हे मी निवृत्तीच्या दिवशीच्या भाषणातही बोलले होते, तू नव्हतीस तेव्हा.

बरं, सरकारी आदेश निघेल तेव्हा निघेल. तू आज घरी कर. घरातली जुनी काजळं, लिपस्टिका, डब्या सगळ्या काढ आणि टाक. नवं आणशील ते तुझं एकटीचं, घरातल्या कुणालाही त्यात बोट घालू देऊ नकोस, राग आला तर येऊ दे. डबीत बोट घालायचं नाही, पंपाची बाटली घ्यायची. दुकानात ठेवलेली ती वापरून बघायची लिपस्टिक ओठांना लावायची नाही. तीन आठवड्यांच्या केमोत साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी तळाला जातात. आता तुझं पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला आहे, तेव्हा बेफिकीर राहावं असा आठवडाच नाही. थ्रेडिंग, वॅक्सिंग, नखाकडची कातडी कापणं, सगळं बंद. पापण्या गेल्यात तर डोळ्यात धूळ जास्त जाते, आणि सिंहस्थाच्या कामांनी उज्जैन जागोजागी खणलेलं आहे म्हणतेस. बाहेर जाताना साधा चष्मा लाव. काजळ डोळ्याच्या आतल्या कडेला नको, खोट्या पापण्यांचा डिंक तर मुळीच नको.

कुंकवाचं तू विचारलं नाहीस, मीच सांगते. आपल्या उज्जैनला महाकाळाजवळच्या दुकानांत कुंकवाचे लालभडक ढीग लागतात, लहानपणी आईचं बोट धरून मी ते बघत उभी राहायचे. आई कधी नुसतं कुंकू लावायची नाही. पितळी करंड्याच्या झाकणात मेण असायचं, करंगळीने आधी मेणाचा गोल टिळा, त्यावर पिंजर, मग कोरड्या बोटाने कडा साफ. कपाळाला रंग सरळ लागतच नसे. तुला कुंकू लावायचंच असेल तर असंच लाव, खात्रीचं हळदीचं कुंकू असेल तरच. शेंदूर नको, त्यात शिसं असू शकतं. टिकलीही रोज तीच तीच नको. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्यूटिल-फिनॉल नावाचं रसायन असतं, त्याने कपाळावर टिकलीएवढा पांढरा डाग पडलेल्या बायका कातडीच्या डॉक्टरांकडे नेहमी येतात. आणि काही दिवस कपाळ मोकळं राहिलं तर काही बिघडत नाही, हे तुझ्या घरात ज्यांना सांगायचं त्यांना माझ्या नावाने सांग. जाऊबाई हळद-बेसन-लिंबाचा लेप लावायला सांगतात, तोही नको. त्यांची माया मी जाणते, पण बेसन घासून काढताना कातडी सोलवटते आणि लिंबू झोंबतं. काळी मेंदी तर घरात आणू नकोस, त्यात पी.पी.डी. हे रंगाचं रसायन घालतात. नवे केस येतील ते कदाचित कुरळे, मऊ, पांढरेही असतील. डॉक्टर हो म्हणेपर्यंत त्यांना रंग नाही.

अंघोळ कोमट पाण्याने. पॅक्लिटॅक्सेलने बोटं बधिर होतात, गरम पाणी कळत नाही आणि हात पोळतो, पाणी कोपराने बघ. अंग टिपून घ्यायचं आणि ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर. भांडी घासायची नाहीतच, पण तू ऐकणार नाहीस, तर आत सुती आणि वर रबरी मोजे घाल. शेजारच्या काकांना कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होऊन भेगा पडल्या म्हणालीस, त्यांना सांग की दिल्लीच्या एम्समध्ये २६४ रुग्णांवर अभ्यास झाला, तो २०२४मध्ये छापून आला. त्रास होण्याआधीपासूनच हातांना डायक्लोफेनॅकचं जेल लावणाऱ्यांत हा त्रास जोराने झाला फक्त ३.८ टक्के लोकांना, नुसतं साधं जेल लावणाऱ्यांत १५ टक्क्यांना. सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारायचं, मनाने नाही.

उन्हाचं तुला वेगळं सांगायला नको असं वाटत होतं, पण सांगते. आपल्या वेधशाळेत २१ जूनला भर दुपारी शंकूची सावली नाहीशी होते, शाळेतून तुम्हाला दाखवायला नेत असत. इतकं डोक्यावरचं ऊन, आणि तू दुपारी फ्रीगंजमध्ये फिरतेस! झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, एस.पी.एफ. तीस तरी हवं, बाहेर असलीस तर दर दोन तासांनी पुन्हा. डोक्याला माझ्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा बांध, पाठवते आहे. सिंथेटिक रुमालाने टाळूला घाम येतो आणि खाज सुटते. पुढे रेडिएशन आहे, तेव्हा तिथल्या लोकांनी कातडीवर काढलेल्या खुणा घासायच्या नाहीत आणि तिथे काय लावायचं ते त्यांनाच विचारायचं. ती जागा पुढे कायमच उन्हापासून झाकायची.

आमच्या वेळी उज्जैनच्या माणसाला केमोसाठी इंदूर नाहीतर थेट परळचं टाटा गाठावं लागे, धर्मशाळेत दिवस काढावे लागत. आता डॉ. दिनेश पेंढारकरांसारख्यांच्या खटपटीने जिल्हा रुग्णालयातच डॉक्टर-नर्सना शिकवून केमो मिळते, तीही मोफत. तुला घरच्या पोळीभाजीवर उपचार घेता येताहेत. मग एवढं मिळत असताना एका ट्यूबपायी जीवाशी खेळ का करतेस? मला धास्ती वाटते, मंजू. तू सांगत नाहीस, लपवतेस. लहानपणी ओटल्यावरून पडून गुडघा फुटला तेव्हा दोन दिवस फ्रॉकखाली लपवला होतास आणि तो चिघळला होता.

संध्याकाळी टावरवर जाऊन बस, दिवे बघ, माणसं बघ, घरात कोंडून राहू नकोस. चाटच्या गाडीवरचं मात्र काही खाऊ नकोस, ती हिरवी चटणीसुद्धा नाही. गर्दीत मास्क हवा.

ते क्रीम आजपासून बंद. पण ट्यूब फेकू नकोस, पिशवीत घालून पुढच्या खेपेला तुझ्या डॉक्टरांना आणि जमलं तर कातडीच्या डॉक्टरांना दाखव, किती दिवस लावलंस ते खरं सांग. चेहऱ्यावर पाणी भरलेले फोड आले, नखाखाली पू दिसला, डोळा लाल झाला, तर वाट बघायची नाही. आणि ताप १००.४च्या वर गेला, तर मध्यरात्र असली तरी क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, तशीच रुग्णालयात जा. जावईबापूंना हे वाचायला दे आणि थर्मामीटर उशाशी ठेव. गुरुवारी रक्त देशील, त्यातला पांढऱ्या पेशींचा आकडा मला त्याच दिवशी कळव.

तुझी,
मावशी