कल्याणच्या सोनाराचे टाके, कान्हेरीच्या डोंगरात

कान्हेरीला जाणारा प्रवासी बहुधा तिसऱ्या लेण्यापाशीच रेंगाळतो. चैत्यगृहाच्या व्हरांड्यात दोन टोकांना उभ्या असलेल्या, सुमारे ७ मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती पाहतो, छायाचित्रे काढतो आणि परत फिरतो. खरे गाव वर आहे. शंभरांहून अधिक लेणी असलेले हे गाव पाहायचे तर खडकातल्या पायऱ्या चढाव्याच लागतात.

वर दिसतात ती दगडात कोरलेली घरे. पुढे लहानसा व्हरांडा, आत खोली, निजण्यासाठी ओटा, दाराची चौकट बसवण्यासाठी खाचा. आणि जवळजवळ प्रत्येक घरापाशी पाण्याचे टाके. कोकणात पाऊस चार महिने कोसळतो, मग आठ महिने डोंगर कोरडा. माथ्यावरचे पाणी पन्हळींनी वळवून टाक्यांत साठवले नसते, तर भिक्षूंची ही वस्ती शतकानुशतके टिकलीच नसती. मूर्तींपेक्षा ही टाकीच कान्हेरीचे मोठे आश्चर्य होत.

ह्या खोदकामाचा खर्च कोणी केला? उत्तर भिंतींवर आहे. ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत. एका लेखात कल्याणचा सोनार सामिदत (म्हणजे स्वामिदत्त) पाण्याची 'पोढी' दान देतो. पोढी म्हणजे टाके. दुसऱ्या लेखात कल्याणचाच लोहार नंद दान देतो ती चक्क एक वाट! राजांची नावे पाठ करणाऱ्यांनी ही दोन नावेही लक्षात ठेवावीत.

कल्याणच्या कारागिराकडे एवढा पैसा आला कुठून? इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ कल्याणला 'कॅलिएना' म्हणतो. थोरल्या 'सारागनस'च्या, म्हणजे बहुधा सातकर्णीच्या, काळी ते रीतसर बंदर होते. पुढे तिथे अडथळे आले आणि चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे तो सांगतो. सोपाऱ्याचे आणि चौलचे दातेही कान्हेरीच्या लेखांत भेटतात. मंगलठाण गावातले एक शेत भिक्षूंच्या खर्चासाठी दिल्याची नोंद आहे. मंगलठाण म्हणजे आजचे मागाठाणे.

ठाणेकर ज्या येऊरच्या जंगलात फिरायला जातो, त्याच जंगलाच्या पश्चिम अंगाला हा डोंगर आहे. तरी कल्याण-डोंबिवलीच्या प्रवाशाला आज लोकलने दादर गाठून, पुन्हा उलटे बोरिवलीला यावे लागते.

नव्वदाव्या लेण्यात आणखी जुने प्रवासी भेटतात. इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी मंडळींनी तिथे आपली नावे पहलवी लिपीत कोरून ठेवली. आज तो इतिहासाचा मोलाचा पुरावा आहे. (म्हणून कोणी खिशातून किल्ली काढू नये, संरक्षित स्मारकावर नाव कोरणे गुन्हा आहे.)

सोमवारी राष्ट्रीय उद्यान बंद असते. जायचे तर भर पावसाळ्यात जावे. पन्हळी तेव्हाही वाहत असतात, आणि त्यांच्या कडेने चालत गेले की पाणी कोणत्या टाक्यात उतरते ते दिसते.